टाकी

पेटी उघडली तेव्हा एकशे सदतीस चिठ्ठ्या निघाल्या,
एसटीची दोन तिकिटं
आणि एक सुका बोंबील.
तो कोणी टाकला, कशासाठी, कळलं नाही.
बोंबील मी नोंदवला नाही.

'आपलं शहर, आपल्या सूचना' असं वर रंगवलेलं,
सूचनेचा ऊकार ओल लागून ओघळलेला.
साहेबांनी रकाने आखून दिले:
पाणी, रस्ते, गटारं, घरं, इतर.
मी आवक-जावकचा कारकून.
रकाना दिला की भरतो.

पण झुलेखा होडेकर लिहितात:
आमच्या नव्या इमारतीला लिफ्ट आहे, चांगली आहे,
आत आरसा आहे.
मात्र ती उभ्या माणसाच्या मापाची.
अब्बांना चौथ्या मजल्यावरून
खुर्चीत बसवून उतरवावं लागलं,
गेल्यावर.
जिन्याच्या प्रत्येक वळणावर
भाऊ त्यांची टोपी सरळ करत होता.
पुढच्या इमारतींना परवानगी देताना
लिफ्ट थोडी लांब करायला सांगावी, ही विनंती.

मी 'घरं' लिहिलं, खोडलं,
'इतर' लिहिलं,
आणि चहाला गेलो.

तिलक बहादूर, आंब्याच्या बागेचा राखणदार.
अक्षर मुलीचं, सातवीतलं,
शुद्धलेखन माझ्याहून बरं.
मालकाच्या घराला सात खोल्या, अकरा महिने कुलूप.
किल्ल्या माझ्याकडे असतात, मी पंपाच्या खोलीत निजतो.
बंद घरं पावसाळ्यापुरती भाड्याने देण्याचा नियम करा.
घरालाही बरं. वाळवी माणसाला भिते.
खाली वेगळ्या शाईत:
भाडं देणार.

एकीने नावच घातलं नाही.
पाखाडीच्या मध्यावर टेकायला जागा करा.
पाटी उतरवता येते एकटीला,
पुन्हा डोक्यावर घेताना
कुणीतरी बसलेलं लागतं तिथे.

आणि दमयंती शिवलकर, एकच ओळ:
पाखाडीच्या पायऱ्यांना टाकी मारून घ्या.

मला कळलं होतं.
चिरा पायांनी झिजून आरशासारखा झालाय,
श्रावणात वर शेवाळ धरतं,
गेल्या साली दोन खुबे मोडले, त्यातला एक माझ्या चुलतीचा.
पण संगणकावर बसतो तो शार्दूल,
चोवीस वर्षांचा, हुशार,
पाट्याला टाकी लावतात हे त्याने पाहिलेलं नाही,
मुळात पाटाच पाहिलेला नाही.
त्याने 'टाकी' वाचलं
आणि रकाना एक, पाणी, दाबून टाकला.

सरकारी काम. दीड वर्षात मंजूर.
पाखाडीच्या मध्यावर चिऱ्यांचा चौथरा,
त्यावर काळी टाकी, पाच हजार लिटर,
नारळ फुटला, फोटो झाला.
पाणी येतं मंगळवारी आणि शुक्रवारी.
गळतं रोज.
खालच्या पायऱ्या आता बारमाही हिरव्या.

दमयंतीबाई ऑफिसात आल्या तेव्हा
मी फाइलीत तोंड घातलं.
त्या म्हणाल्या, चौथरा रुंद केलात, ते झ्याक झालं.
बायका टेकतात. सावली पडते टाकीची.
काल एकीची पाटी मीच उचलून दिली.
मग पदराने चष्मा पुसत,
ही टाकी झाली हो.
आता ती टाकी कधी?

दुरुस्तीला रकाना नव्हता.
मी तसं सांगितलं.
बरं, म्हणाल्या, आणि गेल्या.

रविवारी दुपारी पाखाडीतून टक् टक् ऐकू आलं.
बाई खाली गोणपाट घालून बसलेल्या,
हातात सासऱ्यांची टाकी, हातोडी शेजारच्यांची,
तिलकची मुलगी नारळाच्या किशीने शेवाळ घासत होती.
मी ऑफिसचा माणूस. नुसता उभा राहिलो.
मग ऊन लागतंय म्हणून छत्री धरली.
चपलांवर तांबडी भुकटी बसली,
ती अजून पुरती गेली नाही.

नऊ पायऱ्या झाल्या.
एकूण किती आहेत,
याची नोंद आमच्याकडे नाही.